खाली कुठे आहे?

नाना जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात. गुडघ्यांमुळे ती सवयच झाली आहे. त्या संध्याकाळी मात्र जरा जास्तच थांबले. माझं दार उघडं होतं आणि आत स्टुलावर ड्रम मशीन सुरू होतं, त्याच्याच अंगातल्या चिमुकल्या स्पीकरवर. नानांनी मान तिरपी करून दोन-तीन आवर्तनं ऐकली. कठड्यावर त्यांचं बोट हलत होतं. मग म्हणाले, "सम कळली गं. खाली कुठे आहे?" आणि उत्तरासाठी न थांबता वर निघून गेले. सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आणि खाली म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या या वाड्यातल्या दोन पिढ्या त्यांच्याकडे तबला शिकल्या, मीही त्यांतलीच. नानांनी जाता जाता विचारलेला प्रश्न म्हणजे गृहपाठ, हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. रात्री भाजी परतताना, सकाळी स्कूटरवरून सुरसागर तलावाला वळसा घालताना तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. मशीनचं एक आवर्तन म्हणजे सोळा स्टेप्स, म्हणजे सोळा घरं. त्यांत चार ठोके, पहिल्यावर, पाचव्यावर, नवव्यावर, तेराव्यावर किक, म्हणजे मोठ्या ढोलाचा आवाज. सगळे ठोके सारख्याच वजनाचे. खाली नव्हतीच.

यंत्र कोर्गचं व्होल्का बीट्स. २०१३ साली कोर्गनं बीट्स, बेस आणि कीज अशी तीन छोटी यंत्रं एकदम काढली आणि माझ्या मते छोट्या ताल-यंत्रांच्या या सगळ्या प्रकरणाला तिथून नव्यानं तोंड फुटलं. तोवर अ‍ॅनालॉग (म्हणजे आवाज साठवून न ठेवता सर्किटमधून तिथल्या तिथे घडवणारं) ड्रम मशीन म्हटलं की रोलंडच्या टीआर-८०८ च्या आठवणी काढायच्या. ते १९८० साली आलं, अमेरिकेत त्याची किंमत ११९५ डॉलर होती, १९८३ मध्ये ते बंदही झालं. तयार झाले बाराएक हजार नग, आणि पुढे जगभरच्या नाचगाण्यांनी त्याचा ठोका असा उचलला की जुन्या नगांना सोन्याचा भाव आला. व्होल्का दीडशे डॉलरच्या आसपास आलं. सहा पेन्सिल सेल घातले की कुठेही वाजतं, पिशवीत मावतं. मग आर्टुरियाचं ड्रमब्रूट २०१६ मध्ये, मूगचं डीफॅम २०१८ मध्ये, बेहरिंगरनं ८०८ चीच नक्कल करून काढलेलं आरडी-८ २०१९ मध्ये, अशी रांग लागली. नकलेला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्यात गैर वाटत नाही. चांगलं सर्किट एखाद्याच्या कपाटात बंद राहण्यापेक्षा शंभर पोरांच्या हाती गेलेलं बरं.

या यंत्रांचं कौतुक करताना लोक हटकून 'वॉर्म' म्हणतात, 'फॅट' म्हणतात. मला या कौतुकानं काहीच हाती लागत नाही. नवरात्रात मैदानावरच्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून किक आला तर तो सर्किटमधून आला की मेमरी चिपमधून, हे कुणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही. रोलंडनंच २०१७ मध्ये टीआर-०८ हे छोटं यंत्र काढलं. दिसायला हुबेहूब ८०८, आत सगळा डिजिटल हिशेब, आणि आवाज उत्तम. फरक आहे तो दुसरीकडे. तो मला कानांआधी डोळ्यांनी दिसला.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. डॅम्प्ड ऑसिलेशनचा, म्हणजे हळूहळू विरत जाणाऱ्या आंदोलनांचा धडा फळ्यावर काही केल्या जिवंत होत नाही, म्हणून एकदा यंत्रच लॅबमध्ये नेलं आणि हेडफोनच्या खाचेतून वायर काढून सीआरओला, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला जोडली. बाकी सगळं बंद करून फक्त किक लावला, डिके, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, पूर्ण वाढवला, टेम्पो अगदी खाली आणला. पडद्यावर आधी एक बारीक उभा काटा, तो क्लिकचा. त्याला लागून मोठी लाट, मग तिच्याहून थोडी लहान, मग आणखी लहान, आणि शेवटी हिरवी रेघ सपाट. पुन्हा काटा, पुन्हा लाटा. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आ तो हिंचको छे." बडोद्यातल्या पोराला हे सुचणारच, इथे घरटी झोपाळा. आणि खरोखरच तसंच आहे. ८०८ च्या बेस ड्रममध्ये ढोल रेकॉर्ड करून ठेवलेला नाही. दोन कपॅसिटर, दोन रेझिस्टर आणि एक अ‍ॅम्प्लिफायर यांचं एक छोटं जाळं आहे, ब्रिज्ड-टी म्हणतात त्याला. एक क्षणभराचा पल्स त्याला धक्का देतो आणि ते सेकंदाला पन्नासएक झोके घेत घेत शांत होतं. बस, इतकंच. व्होल्काचा किक याच घराण्यातला.

आता गंमत अशी की झोपाळा थांबायच्या आत दुसरा धक्का दिला, तर तो कुठल्या क्षणी बसला यावर पुढचा झोका ठरतो. पुढे जाताना बसला तर उंच जातो, मागे येताना बसला तर मोडतो. मी टेम्पो वाढवत नेला तसे पडद्यावरचे ठोके एकमेकांत शिरायला लागले आणि त्यांची उंची सारखी राहीना. सगळा वर्ग पुढे येऊन उभा राहिला. हाय हॅटचंही असंच. ८०८ मध्ये झांजेच्या आवाजासाठी सहा ऑसिलेटर अखंड चालू असतात, कुणी वाजवो न वाजवो. आपण बटण दाबतो तेव्हा फक्त दार उघडतं आणि त्या घडीला आत जे काही चाललेलं असेल ते बाहेर येतं. त्यामुळे कुठलेही दोन ठोके अगदी तंतोतंत जुळत नाहीत. फरक इतका बारीक असतो की कान तो वेगळा काढू शकत नाही, पण तासभर ऐकून कान विटत नाहीत याचं कारण मला तरी तेच वाटतं. रोलंडचे संस्थापक काकेहाशी यांनी तर सांगून ठेवलं आहे की ८०८ ची ती सळसळ सदोष ट्रान्झिस्टरमधून यायची. ते मुद्दाम निवडून घेतलेले होते, आणि कारखाने सुधारले तसे तसले ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले.

इथपर्यंत मी या यंत्रांच्या प्रेमातच आहे. नानांचा प्रश्न याच्या पुढचा.

आमच्या वाड्यात आणखी एक ताल वाजवणारं यंत्र आहे आणि ते माझ्या मशीनहून कितीतरी वडील. बेंगळुरूच्या राडेल कंपनीची तालमाला. गाणं शिकणाऱ्या घरात ती असतेच, बहुतेक वेळा हार्मोनियमच्या शेजारी, वर हातानं शिवलेली खोळ. राडेलचे राज नारायण मुळात इंजिनिअर आणि बासरीवादक. १९७९ च्या सुमारास त्यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला, पुढे हा तबला. ठेका निवडा, लय ठरवा, काळी-पांढरी जुळवा, की सुरू. त्या पेटीला झपताल म्हणजे काय, रूपक म्हणजे काय, खाली कुठे पडते हे सगळं पाठ आहे. पण ती तुम्हाला आत हात घालू देत नाही. बायां म्हणजे डग्गा किती घुमावा, तबल्याच्या काठावरची चाट किती कोरडी असावी, हे कारखान्यातच ठरून आलं आहे. माझ्या मशीनचं नेमकं उलट. किकला क्लिक, पिच, डिके असे तीन नॉब, स्नेअरला तीन, टॉमला तीन, हॅटला तीन. आवाज मऊ पिठासारखा हातात येतो. फक्त ताल म्हणजे काय याचा पत्ता नाही. एकाला ठेका कळतो पण ते हात लावू देत नाही, दुसरं हात लावू देतं पण त्याला ठेका कळत नाही. दोन्ही यंत्रं एका वाड्यात एका जिन्याच्या अंतरावर वाजतात आणि त्यांची गाठ पडत नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

कारण आपल्या भागात ही गाठ पडायला काहीच हरकत नव्हती. इथून रेल्वेनं दोनेक तासांवर अहमदाबाद. तिथल्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं मूग सिंथेसायझर आणून स्टुडिओ उभा केला होता. तिथे काम करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या, पखवाज वाजवणाऱ्या, ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला संगीतकार जॉन केजला आपलं संगीत समजावून सांगितलं होतं. पखवाज अंगात मुरलेली बाई आणि समोर वायरींनी भरलेला मूग! स्टुडिओ चारेक वर्षांत मंदावला, टेप्स पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये कुठे त्या लोकांपुढे आल्या. त्या ऐकताना मला कौतुकापेक्षा चुटपुटच जास्त लागते. मुंबईत १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी ८०८, बेस वाजवणारं टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा रागांची तबकडी केली. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात आयुष्य घालवलेला माणूस, नवीन यंत्रं हाती आली आणि त्यांच्यावर भैरव वाजवला. ३०३ चा सरकता स्वर त्यांनी मींडेसाठी कसा वापरला ते आजही ऐकावं. ताल मात्र तिथेही पहिल्यापासून शेवटपर्यंत डिस्कोचाच.

सिंथेसायझरच्या बाजूला एक वेगळंच दुखणं आहे, ते बडोद्यातल्या उन्हाळ्याचं. अ‍ॅनालॉग ऑसिलेटरच्या सुराचा मामला तापमानाशी बांधलेला असतो. व्होल्टेजचं सुरात रूपांतर करणारा ट्रान्झिस्टर एका अंशामागे ०.३३ टक्क्यांनी हलतो, म्हणून चांगल्या यंत्रात त्याला सावरणारा खास रेझिस्टर बसवतात. कोर्गच्या मिनीलॉगसारखी नवी यंत्रं तर सुरू झाल्यावर स्वतःच स्वतःला जुळवून घेतात. तरी मे महिन्यात दुपारी, पंखा डोक्यावर गरम हवा फेकत असताना, स्वस्तातल्या छोट्या यंत्राचा षड्ज तानपुऱ्याशी लावून बघा. लागतो, जरा वेळ राहतो, आणि चहा घेऊन परत यावं तर किंचित वर सरकलेला. पुष्कळांना याचा वैताग येतो. मला त्याची तक्रार करवत नाही. तारेच्या तानपुऱ्याच्या खुंट्या आम्ही दर बैठकीला पिळतोच की. सूर धरून ठेवायला माणूस लागतो ही गोष्ट आमच्या पिढीच्या यंत्रांनी आम्हाला जवळजवळ विसरायला लावली होती.

पण तालाकडे परत येते. सोळा स्टेप्सची चौकट आपल्याला परकी आहे असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आमच्याच गावात १८८६ मध्ये सयाजीरावांनी गायनशाळा काढली आणि गायक मौलाबक्षांनी शाळकरी पोरांसाठी संगीत लिपीत आणलं. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये इथेच भरली, संगीतशास्त्री भातखंड्यांच्या पुढाकारानं. सुरसागरासमोरच्या म्युझिक कॉलेजात आजही मुलं वहीत रेघोट्या मारून चौकटी पाडतात आणि एकेका घरात एकेक बोल लिहितात. माझ्या वहीतही तेच होतं. मशीनवर पहिल्यांदा बोटं टेकवली तेव्हा मला ती आडवी पट्टी आधीपासून ओळखीची वाटली, ती त्या वहीमुळे. फरक एका चिन्हाचा. भातखंडे लिपीत घरांखाली समेला फुली असते, टाळ्यांना आकडे असतात, आणि खालीला शून्य. मशीनवर सोळाही घरांना एकसारखा तांबडा दिवा. मधे रिकामं काय आहे आणि मुद्दाम मोकळं काय सोडलं आहे, यात ते भेद करत नाही.

मग मीच करायचं ठरवलं.

तीनताल, एका स्टेपला एक मात्रा. मशीनच्या लेखी चार स्टेप मिळून एक ठोका, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांची मध्यलय हवी असेल तर टेम्पो ३० वर आणावा लागतो. विलंबिताचं नावच काढू नये. किक म्हणजे बायां, वरचा टॉम म्हणजे दायां. धा धिं धिं धा, दोन्ही वाजणार. आठ मात्रा अशा गेल्या. नवव्यावर टाळीचा हात मोकळा पडतो, पण आमच्याकडे तिथे बोल धा चाच, बायां खरा थांबतो तो दहाव्यावर. तिं तिं ता ता. दहा, अकरा, बारा, तेरा या चार घरांतून किक काढून टाकला. चौदाव्यावर धिं बरोबर परत घातला. डिके बराच लांब ठेवला, आवाज एकमेकांत मिसळतील इतका. आणि ऐकत बसले.

पहिल्या आठ-नऊ मात्रांत किक एकमेकांच्या झोक्यात सापडतात, त्यामुळे बायां भरलेला, थोडा गढूळ, वर-खाली होणारा. मग तो थांबतो. टॉम एकटा राहतो, कोरडा. सर्किट त्या चार मात्रांत शांत होत जातं. आणि चौदाव्या मात्रेचा धक्का ते स्थिर असताना बसतो, म्हणून तो ठोका आधीच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ येतो. कुठलाही नॉब न हलवता. हे मी घातलेलं नव्हतं. मी फक्त चार घरं मोकळी सोडली होती, वेगळेपण सर्किटनं आणलं. सीआरओवर लावून बघितलं, चौदावा ठोका खरंच निराळा दिसतो. रेकॉर्ड केलेला तोच तुकडा दर वेळी वाजवणाऱ्या यंत्रात हे आपोआप घडलं नसतं. अ‍ॅनालॉगच्या बाजूनं मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. या सर्किटला आधीचं आठवतं, त्यामुळे विश्रांतीनंतर ते वेगळं बोलतं, आणि आपल्या तालात विश्रांतीला ठरलेली जागा आहे.

व्होल्काची आणखी एक गोष्ट सगळे उणी म्हणून सांगतात. नॉब फिरवल्याची नोंद ठेवायची सोय त्यात स्टटरला (ठोका भरभर पुन्हापुन्हा उमटवण्याला) आणि रेकॉर्ड केलेल्या चार आवाजांना आहे. किकच्या पिचला नाही. तो नॉब थेट सर्किटचा भाग आहे, मेमरीचा हात तिथवर पोचत नाही. म्हणजे किक घुमत असताना त्याचा सूर किंचित वाकवायचा असेल, बायांवर मनगट सरकवल्यासारखा, तर तो दर आवर्तनात आपणच वाकवायचा. मला हे उणं वाटत नाही. उणं आहे ते वजनाचं. एका ठोक्यावर जोर आणि दुसऱ्यावर कमी, ही साधी सोय स्वस्त यंत्रांतून गाळलेली असते. ठेका म्हणजे अर्धाअधिक जोर. ड्रमब्रूट इथे पुढे आहे, शिवाय त्यात प्रत्येक वाद्याची लांबी वेगळी ठेवता येते. एकाला सोळा, दुसऱ्याला सहा. गरब्याची हींच सहाच्या चालीची. सहाची हींच सोळावर चढवून दिली तर दोन्हींची सम ४८ स्टेप्सनी परत भेटते, आणि तोपर्यंत जी ओढाताण चालते ती ऐकताना मला उठून दोन पावलं टाकल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडचे ऑक्टोपॅडवाले नवरात्रात रात्र रात्र हींच वाजवतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्या हाती हे यंत्र पडावं असं मला फार वाटतं. बनवणाऱ्यांकडे एकच मागणं, सोळा घरांपैकी हवं त्या घरावर वेगळ्या रंगाचा दिवा लावता यावा. दीडशे डॉलरच्या यंत्रात दोन रंगांचे दिवे काही जड नाहीत.

तीनतालानंतर रूपक लावला. व्होल्कात नको असलेल्या स्टेप्स गाळून टाकता येतात, सात ठेवल्या. ती ती ना, धी ना, धी ना. रूपकची समच खालीवर. म्हणजे पहिल्या घरात किक नाही, किक चौथ्यावर आणि सहाव्यावर. ज्या यंत्राची सगळी कीर्ती पहिल्या ठोक्यावर धप्पकन पडणाऱ्या किकवर उभी, त्यात पहिलं घर रिकामं ठेवताना बोट क्षणभर अडतंच. लॅबमधल्या पोरांना ऐकवलं. गिटार वाजवणारा एक आहे, त्यानं लगेच पायानं ताल धरला, आणि पाय पडत होता चौथ्या मात्रेवर. किक येईल ती सम, हे त्याच्या अंगात पक्कं. मी हातावर टाळी-खाली दाखवली, त्यानं मोजलं, पटलं, आणि दोन आवर्तनांत पाय परत चौथ्यावर. त्याचं म्हणणं, ऐकणाऱ्याला सम कळलीच नाही तर ती तिथे असून काय उपयोग, पहिल्यावर हळूच एक किक टाका. मी म्हटलं, किक नाही टाकायचा, पहिल्या घरात ओपन हॅट, म्हणजे लांबणारी झांज ठेव आणि बाकी सहांत क्लोज्ड, म्हणजे चटकन मिटणारी. त्यानं तसं केलं. त्याचा पाय आता पहिल्यावर पडतो, शेजारच्या मुलीचा अजून चौथ्यावरच.